‘पुट ऑफ’ची कार्डं

१२ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एक पान पत्र आणि त्यातलं अर्धं हवामानावर. हवामान आमच्याकडेही असतं रे बाबा. ताई म्हणते मी टोमणे मारतो. मारतो. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर माणसाजवळ दुसरं काय उरतं?

आता कामाचं. माझं पुस्तक तुला माहीत आहेच, इंग्रजीतल्या दोन-दोन शब्दांच्या क्रियापदांचं. गिव्ह अप, लुक आफ्टर, टर्न डाउन आणि त्यांची सगळी भावकी. पोरं यांच्यापुढेच हात टेकतात. ‘पुट’ म्हणजे ठेवणे पाठ, ‘ऑफ’ म्हणजे दूर तेही पाठ, पण दोघं जोडीने आले की पोरगं ‘दूर ठेवणे’ असं ठोकून मोकळं होतं. एकशे अकरा क्रियापदं हातावेगळी केली आणि आता या ‘पुट ऑफ’पाशी गाडं अडलंय. एक अर्थ काम पुढे ढकलण्याचा. दुसरा, माणसाला गोड बोलून आज-उद्या करत वाटेला लावण्याचा. तिसरा, एखाद्या गोष्टीवरून मन उडवण्याचा, ताटातली माशी पाहून जेवण नकोसं होतं तसा. अर्थ मला येतात. वाक्यं नाहीत.

माझा नियम तुला ठाऊक आहे. मनाने रचलेलं एकही वाक्य पुस्तकात जाणार नाही. जिवंत माणूस स्वतःच्या गरजेपोटी, माझ्या पुस्तकाची गंधवार्ता नसताना जे बोलला तेच घ्यायचं. एका कार्डावर एक वाक्य. खाली कोण बोललं, कुठे, कुठल्या तारखेला. इथे माझ्या कानावर इंग्रजी पडतं ते टीव्हीवरचं, आणि ते आधी कुणीतरी लिहून दिलेलं असतं. तू मात्र दिवसभर लिफ्टमध्ये असतोस आणि तिथली माणसं इंग्रजीतच भांडतात.

लिफ्टचं काम धरलंस तेव्हा वर्षभर मी तुझ्याशी धड बोललो नव्हतो. यंत्राला माणसाचा हात आणि फडकं यातला फरक कळत नाही, असं म्हणालो होतो. त्यावर तू ऐटीत म्हणालास, की दर वर्षी घरी येऊन दोन्ही हात दाखवून जाईन. तीन वर्षं झाली, दाखवायला आला नाहीस. ते असो. आज त्याच लिफ्टपुढे मी कार्डं मागायला उभा आहे, तेव्हा माझी हार समज.

लोभ पत्राच्या लांबीवर नसतो, तरी पान भरून लिहावं.
अण्णा


४ फेब्रुवारी

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

हार वगैरे काही नाही. तुम्ही कार्डं मागितलीत यातच मला सगळं मिळालं. सोबत नऊ कार्डं पाठवतो आहे.

मी आणि माझे उस्ताद (म्हणजे वरचे मेकॅनिक, पण माणूस उस्तादच) रोज पाच-सहा इमारती करतो. दुरुस्ती झाली की चार फेऱ्या लोकांबरोबर मारून बघायच्या असतात, तेव्हा मी कोपऱ्यात पेन-कार्ड घेऊन उभा असतो. लोकांना वाटतं मी बिघाड लिहितोय. एक टायवाले साहेब दुसऱ्याला म्हणाले, ‘वुई कान्ट पुट धिस ऑफ बिकॉज द’, आणि सहावा मजला आला. बिकॉज काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एक बाई फोनवर कडाडल्या, ‘यू कीप पुटिंग मी ऑफ’, आणि दार उघडलं. समोरचा नवरा असेल नाहीतर सुतार.

अडचण एवढीच, की नवांपैकी आठ वाक्यं तुटकी आहेत. लिफ्टमध्ये बोलणं दोन मजल्यांच्या मध्ये मावेल तेवढंच. चालतील का?

एप्रिलमध्ये रजा टाकतो. दोन्ही हात शाबूत आहेत, तेव्हाच दाखवीन. ताईला सांगा, तिने केलेला माझा चष्मा अजून एकदाही ढिला झालेला नाही.

आपला आशीर्वाद पाठीशी असतोच, तो असाच राहू द्या.
बारक्या


१९ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझी तुटकी कार्डं आली त्या दिवशी अण्णांनी दोनदा चहा घेतला. तुटकी म्हणूनच खरी, आणखी पाठव म्हणावं, म्हणाले. मला समोर बसवून प्रत्येक कार्ड वाचून दाखवलं. मी मेली चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी बाई, मला त्यातलं काय कळतंय. पण त्यांचा चेहरा बघून बरं वाटलं.

आता दुसरं लिहिते, ते बसून वाच. गेल्या महिन्यात अण्णांनी ‘पिक अप’चं पान तीनदा लिहिलं. तिन्ही पानांत अक्षर न् अक्षर तेच आणि तिन्हींवर आकडा एकशे आठ. तिसरं पान मला दाखवताना म्हणाले, की हे कसं राहून गेलं होतं कोण जाणे. मग परवा मशीनवर काच लावलेली असताना मालकांनी हाक मारली. वाचनालयातून फोन होता. अण्णा पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या घराचा रस्ता विचारत होते. पंचवीस वर्षं ते त्या वाचनालयात रोज जातात.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार आहे तो मागे फिरणार नाही. किती वेगाने वाढेल तेवढं मात्र सांगता येत नाही. नवं आधी जाईल, मग जुनं, मग माणसं. ज्यांना भेटायचं, बोलायचं असेल त्यांनी उशीर करू नये.

तू एप्रिल म्हणाला आहेस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही खूण केलेली नाही, कारण अण्णा रोज विचारतील. पण एप्रिल म्हणजे एप्रिलच.

माझा लोभ तुला माहीत आहे, आणि रागही.
ताई


११ एप्रिल

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आणि सोबतची पाच कार्डं मशीनवर छापून पाठवतो आहे. माझं अक्षर अलीकडे बिघडलंय, बघून तुम्ही लाल पेन काढाल.

या वेळी चांगलं घबाड मिळालं. पाचव्या मजल्यावर एक बाई राहतात, कुत्रा घेऊन फिरायला निघतात आणि लिफ्टमध्ये मैत्रिणीशी फोनवर बोलतात. त्यांची वाक्यं पूर्ण आहेत. एक, ‘आय कीप पुटिंग ऑफ टेलिंग माय फादर द ट्रूथ.’ वडिलांना खरं सांगायचं त्या रोज पुढे ढकलतात. दुसरं, ‘द साइट ऑफ ब्लड पुट मी ऑफ माय फूड फॉर अ वीक.’ रक्त बघून आठवडाभर त्यांची अन्नावरची वासना गेली. म्हणजे तुमचा तिसरा अर्थ. तिसरं, चौथं, पाचवं कार्डावर आहेच. वडिलांना काय सांगायचंय ते काही त्या बोलल्या नाहीत.

रजेचं एप्रिलमध्ये जमत नाही. उस्तादांकडे माणसं कमी आहेत. जूनमध्ये नक्की.

तब्येतीला जपा. एकटे वाचनालयात जाऊ नका.
बारक्या


२ मे

चि. बारक्यास,
अ. आ. वि. वि.

कार्डं मिळाली. पाचही वाक्यं व्याकरणाने निर्दोष आहेत. ‘पुट ऑफ’च्या मागे दुसरं क्रियापद आलं की त्याला ‘इंग’चं शेपूट लागतं, ‘टेलिंग’, हे तर बाई इतकं नेमकं बोलल्या की माझ्या वर्गात पहिल्या आल्या असत्या. लोक इतकं नेमकं बोलत नसतात.

या निमित्ताने एक टीप लिहिली, तुलाही कळवतो. पोरं विचारतात, ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट ऑफ’ एकच ना? जवळजवळ. ‘पोस्टपोन’ जरा कोट घालून येतं. सभा, परीक्षा, समारंभ त्याच्याकडे, आणि बहुतेक वेळा पुढची तारीखही दिलेली असते. ‘पुट ऑफ’ घरातलं आहे. दाढ दुखत असताना दातांच्या डॉक्टरकडे न जाणं, एखादं पत्र न लिहिणं. त्यात आळस असतो असं कोशात म्हणतात. मला वाटतं, आळसापेक्षा भीती जास्त असते.

त्या बाईंना पुन्हा भेटलास तर सांग, की खरं ऐकून घेणं वडील लोकांना पोरांना वाटतं तेवढं अवघड जात नाही. तू बरा आहेस ना? लिफ्टचं काम बरं चाललंय ना?

एप्रिलमध्ये येणार होतास, त्याचं काय झालं? लिफ्टचं काम बरं चाललंय ना? तू बरा आहेस ना?

लोभ आहे, तो आहेच.
अण्णा


२० जून

चि. बारक्यास,
अ. आ.

जूनही चालला. मी काही बोलत नाही.

छापखानेवाल्यांनी पुस्तकाची पानं मागितली म्हणून काल अण्णांचं कपाट लावायला घेतलं. सगळं क्रमाने आहे. प्रत्येक क्रियापदाची कार्डं वेगळ्या दोऱ्याने बांधलेली. खालच्या कप्प्यात एक जाड पाकीट सापडलं, त्यावर ‘नापास’ असं लिहिलेलं. त्यात रद्द केलेली कार्डं ठेवतात ते. तुझ्या त्या कुत्रेवाल्या बाईंची पाचही कार्डं त्यात आहेत, आणि त्यांना टाचलेला एक कागद. पेन्सिलने लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते:

‘पाच फेऱ्यांत पाच पूर्ण वाक्यं. मजला येतोच. ही कुणी बोललेली नाहीत, रचलेली आहेत. बारक्या लिफ्टमध्ये नाही. हाताने लिहीतही नाही. विचारावं का? नको. तो सांगेल.’ खाली तारीख, १८ एप्रिल.

स्वतःला फार हुशार समजणाऱ्या मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. छापील पत्र बघून मी मनात म्हटलं, स्वारी साहेब झाली.

आणि आता ऐक. अण्णांना तो कागद आठवत नाही. मी दाखवला तर म्हणाले अक्षर चांगलं आहे, कुणाचं? पण ती बाई मात्र डोक्यात राहिली आहे. रोज सकाळी विचारतात, तिने वडिलांना सांगितलं का? मी काय उत्तर देऊ? तू आहेस कुठे? काय झालंय तुला? एवढं मला उलट टपाली कळव, नाहीतर मी कामावर रजा टाकून तुझ्या दारात उभी राहीन.

ताई


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे अक्षर माझंच आहे, डाव्या हातचं. हसू नकोस.

मार्चच्या सहा तारखेला माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी आहे. मशीनरूममध्ये दोर तपासताना मेन स्विच बंद करायचा असतो. पहिल्या दिवशी पहिला धडा तोच. त्या दिवशी खाली एक आजोबा सामान घेऊन ताटकळले होते आणि माझं काम दोन मिनिटांचं होतं. उस्ताद ओरडले, स्विच. मी म्हटलं, झालंच. कुणी मला ढकललं नाही, यंत्र बिघडलं नव्हतं, दुसऱ्या कुणाची चूक नाही. अण्णा म्हणाले होते अगदी तसंच झालं, यंत्राने फडकं समजून हात ओढला.

आता मी ऑफिसात तक्रारीच्या फोनवर बसतो. लिफ्ट अडकली की माणसं आतून फोन करतात आणि मी त्यांना घाबरू नका, माणूस निघालाय असं सांगतो. ती एकच गोष्ट विचारतात, किती वेळ. ‘पुट ऑफ’ वगैरे कुणी बोलत नाही. अण्णांनी तर आणखी कार्डं मागितली होती. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून ती बाई काढली. कुत्राही माझाच.

ताई, वर्षभर आमचा अबोला होता तो याच हातावरून. कुठल्या तोंडाने लिहू? दर पत्राला बसतो आणि वाटतं पुढच्यात लिहू. तू अण्णांना काही सांगू नकोस. मीच सांगीन. माझं मलाच सांगू दे.

तुझा
बारक्या


१० जुलै

चि. बारक्यास,
अ. आ.

पत्र दुकानात उघडलं आणि मालकांनी मला घरी पाठवलं. आधी ओरडून घेते: चार महिने? तुझ्या हाताला पट्टी कोणी बांधली, भात कोणी कालवून दिला, शर्टाची बटणं कोणी लावली? उस्तादांनी लावली असतील तर त्यांना माझा नमस्कार सांग, आणि नसतील तर मला सांगू नकोस.

तुझ्या बोटांसाठी मी रडले. झालं. आता दुसरं.

अण्णांना मी सांगणार नाही, तू म्हणतोस म्हणून. पण तुझं ‘पुढच्यात लिहू’ आता चालायचं नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली, आणि मी ओ दिली. इंग्रजी जवळजवळ गेलं. कार्ड समोर धरलं तर अक्षरं नुसती लावतात, लहान मूल लावतं तशी. सकाळी आंघोळ झाल्यावर तासभर मात्र ते आपले असतात. कालच्या तासात स्वतःहून म्हणाले, की बारक्याचं काहीतरी बिनसलंय, त्याला बोलतं करायला हवं. ते सगळं विसरले, ही काळजी विसरले नाहीत. हा तास उद्या असेल की नाही मला ठाऊक नाही.

त्यांना तुझी बोटं नकोत रे, तुझ्या तोंडून ऐकायचंय. येता येत नसेल तर चार ओळी लिही. फोनवर म्हणशील तर त्यांना आता आवाज कुठून येतो तेच कळत नाही, घाबरतात. पत्र हातात धरतात, वास घेतात, पुन्हा वाचायला लावतात. आजच लिही.

ताई


१४ ऑगस्ट

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी पाच वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. महिना त्यातच गेला.

अण्णा, माझ्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनमध्ये गेली. मार्चमध्ये. चूक माझी होती, स्विच बंद केला नाही. तुम्ही सांगितलं होतं. पाचव्या मजल्यावरच्या बाई कुठेही नाहीत, ती वाक्यं मी खोलीत बसून रचली. तुमच्या पुस्तकात खोटं घुसवायला निघालो होतो. तुम्ही ते पकडलंत आणि तरी मला वर्गात उभं केलं नाहीत, हे ताईने कळवलं तेव्हा मी फोनचं टेबल सोडून जिन्यात जाऊन बसलो.

दोन्ही हात दाखवीन म्हणालो होतो, पण तीन वर्षं नुसता आळस केला, आणि आता दाखवायला लाज वाटते. तुम्हाला राग आला असेल तर लिहा. तुम्हाला लिहायला त्रास होत असेल तर ताईला सांगा, ती लिहील. रागाचं पत्र असलं तरी चालेल. मी रजा टाकली आहे, या महिनाअखेरीस निघतो. तारीख पक्की आहे.

आपला,
बारक्या


२३ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझं पत्र वीस तारखेला आलं. सकाळची आंघोळ झाल्यावर अण्णांना उन्हात खुर्चीवर बसवलं आणि सावकाश, एक-एक ओळ वाचून दाखवली. तू मनापासून लिहिलं आहेस. मी अडखळले तिथे ते थांबून राहिले. पूर्ण ऐकलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी विचारलं, हा मुलगा कोण?

मी सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली, आपण लहान मुलाचं ऐकून घेतो तशी. मग म्हणाले, याला उत्तर गेलं पाहिजे, कागद घे. मी घेतला. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, एक शब्दही माझा नाही. तू मागितलं होतंस म्हणून पाठवते. तू ये. ते ओळखणार नाहीत, तरी ये, मला तू हवा आहेस.

ताई

सोबत:

श्री. लिफ्टवाले यांसी,
सा. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही. आपलं पत्र चुकून आमच्या घरी आलं आणि आमच्या बाईंनी वाचून दाखवलं. परक्याचं पत्र ऐकलं, त्याबद्दल क्षमा असावी.

आपल्या हाताचं वाचून फार वाईट वाटलं. आपण वडिलांना अजून कळवलेलं दिसत नाही, कारण पत्र इकडे आलं. तरी ते लवकर कळवावं. त्यांना काहीतरी बिनसलंय एवढं नक्की कळलेलं असणार आणि ते रोज टपालाची वाट बघत असणार. ते रागावणार नाहीत. हे मी खात्रीने सांगतो, कारण मलाही आपल्याच वयाचा एक मुलगा आहे. तोही लिफ्टचंच काम करतो. मी त्याला फार बोललो होतो, पण तो सांभाळून काम करतो. त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत. एप्रिलमध्ये यायचा आहे.

कळावे. ओळख नसताना लिहिलं, राग नसावा.